फाट्यावरची अक्का

अक्काला बसलेलं मी वर्षभरात एकदाच पाहिलं, आणि तेही एसटी डेपोतल्या एका लाकडी बाकावर. ते कसं झालं ते पुढे येईलच. एरवी ती उभी तरी असायची नाहीतर चालत तरी असायची. वर्गात शेवटच्या बाकाच्या मागे भिंतीला टेकून उभी, कँटीनमध्ये हातात कप घेऊन उभी, आणि विद्यार्थी परिषदेच्या बैठकीत आम्ही सगळे टेबलाभोवती बसलेलो असताना ही खिडकी ते दार, दार ते खिडकी. परिषदेचे सर एकदा वैतागून म्हणाले, "अहो, बसा की जरा, आमच्या माना दुखायला लागल्या." अक्का म्हणाली, "माले बस नका सांगू, सर. मानूस बठना का कामबी बठस." सर हसले आणि आपली मान चोळत बसले.

तिचं वय तेव्हा छत्तीस. अमळनेरच्या पुढचं गाव, नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान, मुलगी सातवीत. बारावीनंतर लग्न झालं, मग बी.ए. बाहेरून केलं, आणि मुलगी आपलं आपण करायला लागल्यावर ही बाई एम.ए.ला आमच्या कॅम्पसवर हजर झाली. पहिल्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने रजिस्टर पुढे केलं आणि सांगितलं, "पालकांनी इथे सही करायची." अक्काने पेन हातात घेऊन विचारलं, "मन्हा पालक मीच शे, भाऊ. मंग कोठे करू सही?" वॉचमन गोंधळला आणि म्हणाला, "अक्का, तुम्ही जा आत." तिथून ती सगळ्या कॅम्पसची अक्का झाली. प्राध्यापकसुद्धा अक्काच म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं.

आमचा कॅम्पस असोद्याच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत, केळीच्या बागांच्या मधोमध. जागा मोठी, इमारती नव्या, आणि सोय म्हणाल तर प्रत्येक गोष्ट "प्रस्तावित". वाचनालयाच्या दारावर पाटी होती, आत पंखे प्रस्तावित होते. मुलींच्या स्वच्छतागृहाला दारं होती, कड्या प्रस्तावित होत्या. आणि बस? बस मुख्य रस्त्याने जायची. फाट्यावर उतरायचं आणि दोन किलोमीटर चालायचं. शहरातली मुलं मोटारसायकलवर धूळ उडवत येत, आम्ही ती धूळ खात चालायचो.

विद्यार्थी परिषदेवर निवडून वगैरे कोणी आलं नव्हतं. प्रत्येक विभागाने एकेक नाव कळवलं. माझ्या विभागाने माझं कळवलं, कारण मी प्रवेशाच्या यादीत पहिली आले होते आणि कोणाशी भांडायची नाही. अध्यक्ष झाला तो बुलेटवाला, बोलायला चटपटीत. सचिव व्हायला कोणी तयार नव्हतं, कारण सचिवाला इतिवृत्त लिहावं लागतं. अक्का म्हणाली, "मन्हं अक्षर बरं शे." झाली सचिव.

तिचं इतिवृत्त हा एक वेगळाच प्रकार होता. लोक लिहितात, "सदर विषयावर साधकबाधक चर्चा झाली." अक्का जे घडलं ते लिहायची. "पंख्यांचा विषय निघाला. सर म्हणाले, बघू. अध्यक्ष मोबाइलमध्ये बघत होते. शीतल काहीतरी बोलणार होती, बोलली नाही." ती शीतल म्हणजे मी. पुढच्या बैठकीत ते मोठ्याने वाचून दाखवल्यावर सरांच्या चेहऱ्याकडे बघवेना. पण त्यानंतर सर "बघू" म्हणण्याआधी एकदा वहीकडे बघायला लागले, आणि मीही बैठकीला जाताना मनात दोन वाक्यं जुळवून न्यायला लागले.

परिषदेपुढे खरा प्रश्न आला तो प्राधान्याचा. पंधरा-सोळा मागण्या होत्या. सरांनी स्पष्ट सांगितलं की वरचे साहेब एवढ्या मागण्या वाचणारसुद्धा नाहीत. क्रम लावून द्या. पहिल्या नंबरवर जे असेल त्यासाठी यंदा जोर लावता येईल, बाकीचं पुढच्या वर्षी. झालं, तिथून महाभारत. अध्यक्षाला ओपन जिम हवी होती. कोणाला वायफाय, कोणाला गॅदरिंगसाठी पक्कं स्टेज. अध्यक्ष म्हणाला, "अक्का, जिम झाली ना, तर कॅम्पसचा लूकच बदलेल." अक्का दारापाशी थांबली आणि म्हणाली, "लूक मांगतून, भो. पहिले पाय." मांगतून म्हणजे नंतर. एवढं मला कळायचं, पण मी कळत नसल्यासारखं दाखवायची. त्याचं कारणही येईल.

मग अक्काने तिची रीत काढली. ज्याला जे हवं, त्याने आधी ते नसलेला एक दिवस काढून दाखवायचा. वायफायवाल्यांनी एक दिवस मोबाइल बंद ठेवायचा. त्यांनी तो दुपारपर्यंत ठेवला आणि संध्याकाळी मागणी स्वतःच खाली ढकलली. अध्यक्षाला तिने विचारलं, जिम नाही म्हणून काल तुझं काय अडलं? मग म्हणाली, आज गाडी इथेच ठेव आणि आमच्यासोबत फाट्यापर्यंत चल. सप्टेंबरातलं खानदेशातलं ऊन संध्याकाळीसुद्धा पाठीला चटके देतं. अध्यक्ष ऐटीत निघाला. अर्ध्या वाटेत त्याने कुठल्याशा मित्राला फोन लावला, आणि पाच मिनिटांत एक मोटारसायकल त्याला उचलून घेऊन गेली. त्या आठवड्याच्या इतिवृत्तात ओळ आली, "अध्यक्ष अर्धा रस्ता आले." पुढच्या बैठकीत बसची मागणी एक नंबरला गेली, आणि ती अध्यक्षानेच मांडली. त्या पोराला मी तेव्हा फार नावं ठेवली, पण तेवढा मोठेपणा त्याच्यात होता.

मुलींच्या कड्या मात्र अक्काने यादीतून काढूनच टाकल्या. मी घाबरत विचारलं, "अक्का, त्या तर पहिल्या तीनात हव्या होत्या ना?" ती म्हणाली, "जे आपले करता येस, ते यादीमा कसाले लिखानं?" पुढच्या शनिवारी तिचा नवरा पिशवीभर कड्या आणि ड्रिल मशीन घेऊन आला. उंच, अबोल माणूस. आम्ही दोघी बाहेर पहाऱ्याला उभ्या आणि तो आत एकेका दाराला कडी बसवतोय. जाताना त्याने प्रत्येक कडी दोनदा लावून काढून पाहिली. हे सगळं करायला विद्यापीठाची परवानगी घ्यायची असते, हे आम्हाला नंतर कळलं. तोपर्यंत कड्या बसल्या होत्या आणि काढा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आता माझं सांगते. माझा पाय हलायचा. शेवटच्या तासाला घड्याळ पाचवर गेलं की बाकाखाली माझा उजवा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा सुरू व्हायचा. साडेपाचला तास सुटायचा, सहाला फाट्यावर माझ्या गावची बस. दोन किलोमीटर अर्ध्या तासात. सरांनी पाच मिनिटं जास्त घेतली की पळावं लागायचं. बस चुकली तर पुढची सव्वासातला. दिवस लहान होत चालले होते आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच केळी. त्यातच त्या वर्षी शिवारात बिबट्याच्या पावलांची बातमी उठली. पावलं बिबट्याची होती की कुत्र्याची, देव जाणे, पण बातमी आमच्या घरापर्यंत बरोबर पोचली.

नाना, म्हणजे माझे वडील, ओरडणाऱ्यातले नव्हते. ओरडले असते तर मी भांडले असते. त्यांनी एकदा मला बसस्टँडवरून घरी आणताना शांतपणे सांगितलं, "तुह्या मायचा जीव टांगनीले लागतो रोज. दिवाळीपावतर पाहतो मी. मंग नाही." बास, एवढंच. एम.ए.चं पहिलं वर्ष दिवाळीला संपत नाही. मी रोज संध्याकाळी दिवस मोजायला लागले आणि पाय आणखी जोरात हलायला लागला.

अक्काने तो पाय पाहिला. ती भिंतीला टेकून उभी असायची ना, तिला बाकाखालचं सगळं दिसायचं. तास सुटल्यावर माझ्याबरोबर झपाझप चालता चालता म्हणाली, "तुन्हा पाय काब्र हालस इतला?" का हलतो ते मी सांगून टाकलं. नाना, दिवाळी, सगळं. तिने चालता चालताच बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "दिवाळीले अजून सव्वा महिना शे. व्हई जाई." तिच्या तोंडचं "व्हई जाई" ऐकलं की वाटायचं, खरंच होऊन जाईल. मी त्या रात्री निवांत झोपले. असं निवांत झोपायला नको होतं, हे आज कळतं.

परिषदेचा अर्ज गेल्यावर डेपोने कळवलं की गाडी आत वळवायला हरकत नाही. जळगावहून निघून कॅम्पसला यायचं, पावणेसहाला पोरं घ्यायची, आणि फाट्याकडे परत न जाता कॅम्पसमागच्या शिवाररस्त्याने पुढच्या गावांकडे निघायचं, असा मार्गही त्यांनीच सुचवला. फक्त रोज येजा करणाऱ्या विद्यार्थ्यांची गावनिहाय सही केलेली यादी द्या. वेळापत्रक दिवाळीआधी ठरतं, मग थेट जूनमध्ये. अक्काने कोरे फॉर्म छापून घेतले, स्वतःचा भरूनही ठेवला. नाव, वर्ग, राहण्याचं ठिकाण, सही. त्याच आठवड्यात तिच्या मुलीला ताप आला आणि तिला चार दिवस येता आलं नाही. फोनवर म्हणाली, "शीतल, हाई तुन्हावर सोडस मी. फॉर्म गोळा कर, गठ्ठा बांध. मी सोमवारी येस, संगेच डेपोमा जाऊ." मला कोणी पहिल्यांदाच एवढं मोठं काम सोपवत होतं.

मी सगळ्या विभागांत फिरले. फॉर्म भराभर भरून आले. मी स्वतःचा भरला तो सगळ्यात आधी, आणि "राहण्याचं ठिकाण" समोर सवयीने लिहिलं: जळगाव.

ही सवय कशी लागली ते सांगायला हवं. कॅम्पसवरच्या पहिल्या आठवड्यात ओळखपरेड झाली. मी उभी राहून गावाचं नाव सांगितलं, निंबोळे बुद्रुक. "बुद्रुक"वर मागच्या बाकावरून हसू फुटलं. घाईने पुढे काही सांगताना तोंडातून "मले" निघालं आणि मग सगळा वर्गच हसला. वाईट भावनेने नव्हे, पण हसला. त्या दिवसापासून कोणी विचारलं की मी जळगावची. मामा जळगावला राहतात, पत्ता त्यांचा, त्यामुळे खोटंही नाही, अशी मी मनाची समजूत घातली. आणि अक्काची अहिराणी मला समजत नाही असं दाखवायची, ते याच्याच पोटी. ती बाई कुलगुरूंसमोरही "शे" म्हणायची आणि मी घरी आईशी फोनवर बोलायचं असलं की वाचनालयामागे जायचे.

गठ्ठा बांधताना मी फॉर्म चाळले. बहुतेकांवर जळगाव, काहींवर भुसावळ. मला एका क्षणी वाटलं की हे काहीतरी बरोबर नाही. फाट्यावर माझ्यासोबत उतरणाऱ्या पोरी मला चेहऱ्याने माहीत होत्या. कोणी काका-मामांचा पत्ता दिला होता, कोणी मैत्रिणीच्या खोलीचा. पण तसं बोलायचं म्हणजे आधी माझा फॉर्म बदलायचा. मी सुतळीची गाठ घट्ट बांधली आणि गठ्ठा कपाटात ठेवला.

सोमवारी साहेबांची वेळ गाठायची म्हणून अक्का स्टेशनवरून थेट डेपोत आली. मी गठ्ठा घेऊन तिथेच गेले. तिने तो न उघडता, जसाच्या तसा डेपोच्या साहेबांपुढे ठेवला. प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय न मानणारी ही बाई, त्या दिवशी तिने पाहिलं नाही, कारण तो मी बांधला होता.

साहेब चांगले होते. चष्मा लावून एकेक कागद उलटत गेले. दहा-पंधरा झाल्यावर थांबले, पुढचे भराभर चाळले आणि म्हणाले, "मॅडम, तुमची सगळी मुलं तर जळगाव-भुसावळातच राहतात. मग त्या गावांकडे गाडी कोणासाठी सोडू मी? खेड्याचं नाव मला एकट्या तुमच्या फॉर्मवर दिसतंय, आणि तुमचं गाव तर अमळनेरकडे." त्यांनी गठ्ठा सरळ करून परत दिला. "शनिवारपर्यंत खरी यादी आणा. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

बाहेर आल्यावर अक्का बाकावर बसली. नुसती बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने वर बघून विचारलं, "तू कोठली शेस?"

मी गठ्ठ्याची सुतळी पुन्हा बांधायला लागले.

"खरं सांग."

"निंबोळे बुद्रुक," मी म्हणाले, आणि मला रडू यायला लागलं. ओळखपरेडीचं, मागच्या बाकाचं, मामांच्या पत्त्याचं सगळं सांगून टाकलं. फॉर्म चाळताना कळलं होतं तेही सांगितलं. अक्काने ऐकून घेतलं. "गावनं नाव लेवाले लाज वाटस," ती म्हणाली. विचारल्यासारखं नव्हे, स्वतःशीच. मग म्हणाली, "चुकी मन्ही शे. मी दखं नही." आणि उठली. मी अजून मुसमुसत होते तर माझ्या दंडाला धरून म्हणाली, "चाल. रडाले बठनं पडस. आपलेकडे टाइम नही."

त्या संध्याकाळी सहाला फाट्यावर बस आली तेव्हा अक्का बसच्या दारात उभी होती. हातात वही. कंडक्टरला तिने काय सांगितलं कोण जाणे, तो मागे उभा राहून हसत होता. खाली तीस-चाळीस पोरीपोरांचा घोळका. अक्काचा आवाज अख्ख्या फाट्याला ऐकू गेला, "जो गाव सांगी, तोच गाडीमा चढी. मोठाईन सांगा. गाव?"

कोणी पुढे होईना. सगळे एकमेकांकडे बघत होते. मागे अध्यक्षाची बुलेट उभी होती, तोही थांबून बघत होता. मला माहीत होतं की पहिली मीच जायला हवी. गठ्ठा मीच बांधला होता. माझा उजवा पाय हलत होता, रस्त्यावर उभी असताना हलत होता. मी पुढे झाले.

"गाव?" अक्काने मला पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं विचारलं.

"निंबोळे."

"कोणतं निंबोळे? निंबोळे दोन शेत."

"बुद्रुक," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. मागे कोणी हसलं की नाही, मला आठवत नाही. मी सही केली आणि चढले. आतून बघते तर माझ्या मागे रांग लागली होती आणि गावांची नावं एकामागून एक ऐकू येत होती. ज्या मुलीला मी पक्की शहरातली समजायची, तिने नाव सांगितलं ते माझ्या आईच्या माहेराशेजारचं गाव. शुक्रवारपर्यंत रोज संध्याकाळी हेच चाललं. अध्यक्षानेही शेवटच्या दिवशी बुलेटवरून उतरून आपलं गाव लिहिलं. अक्का म्हणाली, "तुले कसाले रे? तू तर बसमा येत नही." तो म्हणाला, "असू द्या अक्का, लिहून टाका." शनिवारी यादी डेपोत पोचली.

गाडी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सुरू झाली. मी नानांना आदल्या आठवड्यातच वेळ सांगितली होती. पावणेसहाला कॅम्पसवरून, साडेसहाच्या आत घरी. नाना म्हणाले, "पहिल्या दिवशी मी येतो पाहायले." आणि खरंच गावच्या स्टँडवर येऊन उभे राहिले. मी उतरल्यावर घड्याळात पाहिलं, बसकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे." माझं एम.ए. त्या दोन शब्दांवर झालं.

पण त्या पहिल्या दिवसाची खरी आठवण दुसरीच आहे. गाडी कॅम्पसवर वळून आली तेव्हा पोरांनी नारळ फोडला, अक्काला पुढे केलं. आम्ही चढलो, जागा पकडल्या, गलका झाला. गाडी मागच्या गेटने शिवाररस्त्याकडे निघाली. मी खिडकीतून मागे पाहिलं. अक्का उलट दिशेला, फाट्याकडे चालली होती. खांद्याला डब्याची पिशवी, दोन्ही बाजूंना केळी, रस्त्यावर दुसरं कोणी नाही. तिला जळगाव स्टेशन गाठायचं होतं, अमळनेरची पॅसेंजर पकडायची होती. ही गाडी तिच्या कामाचीच नव्हती. मार्ग ठरला तेव्हापासून तिला ते माहीत होतं, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. उलट इतके दिवस तिला त्या रस्त्यावर आमची सोबत तरी होती. तिने वळून पाहिलं आणि हाताने जा, जा असं केलं. मला खाली उतरावंसं वाटलं. मी उतरले नाही.

अध्यक्ष कधीमधी तिला म्हणायचा, "अक्का, फाट्यापर्यंत सोडतो." ती नको म्हणायची. गाडीवर बसलं की विचार थांबतो, म्हणायची. पहिल्या वर्षाची परीक्षा तिने दिली, चांगल्या गुणांनी पास झाली, आणि जूनमध्ये आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, सासूची कंबर धरली आहे, एक वर्ष थांबते. मी विश्वास ठेवला.

गुणपत्रिका न्यायला तिचा नवरा आला. मी त्याला ऑफिसात घेऊन गेले. कागद मिळाल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "कड्या बऱ्या शेत ना, ताई?" मी म्हटलं, सगळ्या शाबूत आहेत. मग मी अक्काच्या सासूबाईंची तब्येत विचारली. तो जरा घुटमळला. "तिले काय व्हयेल नही," तो म्हणाला. "रस्ता सुना व्हयी गया ना. मन्ही मायनी सांगं, इतला अंधारमा एकली नको जाऊ. मी समजाडं, पण..." त्याने गुणपत्रिकेची घडी करून खिशात ठेवली. मी त्याला गेटपर्यंत सोडायला गेले. माझ्या घरचा बिबट्या अक्काने हाकलला होता आणि तो तिच्या घरी जाऊन बसला होता. याचं मला आजही वाईट वाटतं, आणि वाईट वाटून काही होत नाही याचा रागही येतो.

मी आता त्याच कॅम्पसवर कामाला आहे, विद्यार्थी विभागात, कंत्राटी. खिडकीजवळ टेबल, फिरती खुर्ची. पंखे लागले, ओपन जिमही झाली. गेल्या जूनमध्ये मात्र मार्गांची फेररचना झाली आणि पावणेसहाची गाडी बंद पडली. नवी परिषद मागण्यांची यादी घेऊन माझ्याकडे आली, त्यात बस नवव्या नंबरावर होती. मी म्हटलं, डेपोला यादी लागेल. त्यांनी फॉर्म भरून आणून दिले. मी वरचे चार-पाच पाहिले. जळगाव. जळगाव. भुसावळ. जळगाव. मी गठ्ठा टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला आणि आठ दिवस त्याच्याकडे बघत राहिले. संध्याकाळी खिडकीतून पोरी फाट्याकडे पळताना दिसायच्या आणि टेबलाखाली माझा पाय हलायला लागायचा.

शेवटी नवव्या दिवशी, शेवटचा तास सुरू असताना, अक्काला फोन लावला. ती चालत होती, श्वासावरून कळतं. मी सगळं सांगितलं. गाडी बंद, फॉर्म आले, सगळ्यांनी जळगाव लिहिलं, मी सरांना सांगून पाहिलं, सर बघू म्हणाले. मी बराच वेळ बोलत होते. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर विचारलं, "ते फॉर्म कोठे शेत?"

"माझ्या टेबलावर."

"आन् तू?"

"मी इथेच आहे की, ऑफिसात."

पलीकडे दोन पावलांचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मंग तू आजून बठेल शेस?"

मी खुर्चीतून उठले. वही घेतली, पेन घेतलं, आणि पाच वाजून वीस मिनिटांनी फाट्याकडे चालायला लागले. सहाची बस आली तेव्हा मी दारात उभी होते. पहिली मुलगी आली ती घाईत, पाठीवर सॅक, एक पाय पायरीवर.

"गाव?" मी विचारलं.

"जळगाव," ती म्हणाली.

"जळगावची बस त्या बाजूला लागते," मी म्हटलं. "मी निंबोळे बुद्रुकची. तू कुठली?"

तिने मागे वळून पाहिलं, रांगेत कोण कोण आहे ते. मी दारातून हलले नाही.